पित्तनलिकेच्या आजारासाठी जीन टेस्ट: रिपोर्टला 2 स्टार, काउन्सेलर बाईंना 5

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. पीएससी, म्हणजे प्रायमरी स्क्लेरोसिंग कोलँजायटिस, निदान होऊन सहा वर्षं झाली आणि त्याच्या तीन वर्षं आधीपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची जुनाट सूज आणि व्रण, आहेच. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात, लिव्हरमधून पित्त वाहून नेणाऱ्या नळ्यांना सूज येत राहते, त्या सुजेचे व्रण होऊन नळी जागोजागी आवळते, एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआय स्कॅनमध्ये, ती मण्यांच्या माळेसारखी दिसते, मग पित्त तुंबतं आणि लिव्हर हळूहळू निबर होत जातं. हे थांबवेल असं सिद्ध झालेलं औषध आजही नाही, शेवटी ट्रान्सप्लांट. त्यामुळे आमच्यातल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच भुंगा असतो, माझं किती वेगाने जाणार? कोणी वीस वर्षं आरामात काढतो, कोणाचं पाच वर्षांत ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव लागतं, आणि निदानाच्या दिवशी दोघांचे रिपोर्ट शेजारी ठेवले तरी कोण कुठे जाणार ते ओळखता येत नाही.

तर नेमक्या ह्याच भुंग्यावर ह्या टेस्टची जाहिरात बेतलेली आहे. आजाराची पुढची वाट तुमच्या जीन्समध्ये आहे, ती आम्ही वाचून दाखवतो, असा एकूण सूर. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको, आणि असले पॅनेल विकणारे बरेच आहेत, त्यामुळे खालचं सगळं त्यातल्या कुणाचंही घेताना कामाला येईल. मी घेतलं ते पॅकेज असं, लाळेचं सॅम्पल, लिव्हर आणि पित्तनलिकेच्या आजारांशी जोडलेल्या जीन्सचा रिपोर्ट, आणि सोबत जेनेटिक काउन्सेलरबरोबर एक व्हिडिओ सेशन. सेशन ऑप्शनल होतं. मी ते जवळजवळ काढूनच टाकलं होतं, पैसे वाचवायला, धाकटा भाऊ म्हणाला दादा असू दे, रिपोर्ट समजला नाही तर कोणाला विचारशील. त्याचं ऐकलं ते बरं झालं.

किटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नळीत खुणेपर्यंत थुंकायचं, फेस धरायचा नाही, आधी अर्धा तास काही खायचं प्यायचं नाही. माझं पहिलं सॅम्पल रिजेक्ट झालं, डीएनए पुरेसा नाही म्हणे, आणि हे त्यांनी कळवलं पंचवीस दिवसांनी, तेही मी स्वतः मेल केल्यावर. दुसरी नळी आली, पुन्हा थुंकलो, रिपोर्ट हातात पडेपर्यंत दोन महिने गेले. आणखी एक, फॉर्ममध्ये "तुमचा डेटा संशोधनासाठी वापरायला परवानगी आहे" ह्या चौकटीत आधीच टिक मारलेली होती. ती मला दिसली सबमिट केल्यानंतर. नीट बघा.

आता रिपोर्ट. चोवीस पानं, गुळगुळीत डिझाइन, पहिल्याच पानावर गाडीच्या मीटरसारखा अर्धगोल, हिरवा पिवळा लाल, आणि काटा थेट लालमध्ये. खाली लिहिलेलं, पीएससी होण्याचा धोका सर्वसाधारण माणसाच्या साडेचार पट. रात्री अकरा वाजता उघडला मी तो रिपोर्ट, आधीच खाजेने झोप नव्हती, तळहात आणि तळपाय (ज्यांना पित्ताची खाज माहीत आहे त्यांना कळेल), आणि तो लाल काटा बघून पोटात गोळा आला. दहा मिनिटं तसाच बसून होतो. मग लक्षात आलं की अरे, मला हा आजार झालेलाच आहे! सहा वर्षांपूर्वी! होण्याचा धोका मला काय सांगता! फॉर्ममध्ये "निदान झालेलं आहे" असं मी स्वतः भरलं होतं, पण रिपोर्ट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्याचं सोयरसुतक नाही.

आणि ज्याला आजार नाही त्यानेही त्या पटींना घाबरू नये. पीएससी ढोबळमानाने दहा हजारांत एकाला असतो, उत्तर युरोपात थोडा जास्त. साडेचार पट म्हणजे दहा हजारांत चार-पाच जण, उरलेल्या नऊ हजार नऊशे पंच्याण्णवांना काही नाही. हे गणित रिपोर्टात कुठेच केलेलं नाही, कारण ते केलं की काटा लालमध्ये ठेवता येत नाही.

पान सातवर अजून गंमत. "अल्सरेटिव्ह कोलायटिसचा धोका: सरासरी." नऊ वर्षं मी त्या कोलायटिसच्या गोळ्या खातोय आणि हे म्हणतात सरासरी. भावाला फोटो पाठवला, दोघं हसलो, म्हणलं पैसे पाण्यात. पण ह्यावर आम्ही जरा घाईनेच हसलो, ते पुढे येईल.

सेशन दहा दिवसांनी झालं. काउन्सेलर बाई वयाने साधारण माझ्याच, आवाज शांत, आणि त्यांनी पहिला प्रश्न रिपोर्टवर विचारलाच नाही, विचारलं की शेवटची एएलपी (पित्त तुंबलं की रक्तात चढणारं एन्झाइम) किती होती आणि नळ्या लिव्हरच्या आतल्या आवळल्यात की बाहेरच्या. मग एक कोरा कागद घेतला, मध्ये उभी रेघ मारली, डावीकडे लिहिलं "आजार होणं" आणि उजवीकडे "आजार वाढणं", आणि तो कॅमेऱ्यासमोर धरला. कॅमेरा फोकस करेना, त्या कागद पुढे-मागे करत होत्या, मी म्हणालो मॅडम दिसलं दिसलं. म्हणाल्या, तुमच्या चोवीस पानांपैकी जवळजवळ सगळं डाव्या बाजूचं आहे, आणि तुम्ही आलात उजव्या बाजूचं विचारायला. ह्या एका वाक्यात माझं निम्मं काम झालं.

डावी बाजू त्यांच्यामुळे मला पहिल्यांदा नीट समजली. सगळ्यात वजनदार भाग सहाव्या क्रोमोसोमवरचा एचएलएचा. एचएलए म्हणजे पेशीच्या दर्शनी भागातली खिडकी समजा, आतल्या प्रोटीनचे तुकडे तिथे मांडायचे आणि टी-सेलने, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशींनी, येता-जाता बघून ठरवायचं की घरचं आहे की परकं. कोणाच्या खिडकीत कुठला तुकडा बसतो ते एचएलएच्या प्रकारावर अवलंबून. पीएससीच्या पेशंटमध्ये बी8 आणि डीआर3 हे प्रकार जास्त सापडतात हे 1982 मध्येच लक्षात आलं होतं. माझ्यात दोन्ही आहेत. पण नक्की कुठला तुकडा बघून टी-सेल बिथरतात ते आजपर्यंत कुणालाही सापडलेलं नाही. एचएलए सोडून बाकीची ठिकाणं, म्हणजे आजाराशी जोडलेल्या डीएनएतल्या जागा, नंतर मोठमोठ्या अभ्यासांतून मिळत गेली, 2013 च्या एका अभ्यासात 3,789 पेशंट होते, 2017 च्या अभ्यासात 4,796, आणि आता वीसपेक्षा जास्त ठिकाणं माहीत आहेत, पण एचएलए सोडलं तर प्रत्येकाचा वाटा अगदी चिमूटभर. ह्या अभ्यासांतली बहुतेक माणसं युरोपीय वंशाची, त्यामुळे बाकीच्यांनी हे पटीबिटीचे आकडे अजूनच सैल हाताने धरावेत असं त्या म्हणाल्या. हे वाक्य रिपोर्टात मला नंतर शोधल्यावर शेवटच्या पानाच्या तळाशी मिळालं, मुंगीएवढ्या अक्षरात.

मग मी कोलायटिसच्या "सरासरी"वरून टोमणा मारला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ही चूक दिसते पण तेवढी चूक नाहीये. पीएससीवाल्यांपैकी बहुतेकांना आतड्याचा आजार असतो, साधारण दहातल्या सात जणांना, आणि कागदावर त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात, पण 2017 च्याच अभ्यासात पीएससी आणि नेहमीचा अल्सरेटिव्ह कोलायटिस ह्यांचं जेनेटिक नातं मोजलं तेव्हा ते 0.29 निघालं, जिथे 1 म्हणजे दोन्ही एकच. क्रोन्स ह्या आतड्याच्या दुसऱ्या जुनाट आजाराबरोबर तर 0.04, म्हणजे जवळपास नाहीच. थोडक्यात पीएससीबरोबर येणारा कोलायटिस हा बऱ्याच अंशी वेगळाच प्राणी आहे. मग त्यांनी विचारलं, तुमचा आजार मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला जास्त आणि गुदाशयाकडे कमी आहे का, आणि त्रास तसा सौम्य? दोन्हीला हो. नऊ वर्षांत मला हे कुणी असं जोडून सांगितलं नव्हतं. सौम्य म्हणून दुर्लक्ष करायचं नाही हेही त्यांनी लगेच जोडलं, पीएससी अधिक कोलायटिस असेल तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो, त्यामुळे त्रास असो नसो कोलोनोस्कोपी दर वर्षी. मी एक वर्ष चुकवली होती. गप्प बसलो.

आता उजवी बाजू, ज्यासाठी सगळा खटाटोप. इथे खरंच फार काही हाती नाही, आणि ते त्यांनी न लाजता सांगितलं. एचएलएचा कुठला प्रकार असला की आजार वेगात जातो ह्यावर जुने लहान अभ्यास आहेत, ते एकमेकांशी जुळत नाहीत. मोठ्या प्रमाणावर फक्त "आजार वाढणं" ह्याच प्रश्नासाठी केलेला अभ्यास 2018 मध्ये आला, 3,402 पेशंट, आणि त्यात एक ठिकाण ठसठशीत वर आलं, तेही सहाव्याच क्रोमोसोमवर, आरएसपीओ3 नावाच्या जीनच्या शेजारी. त्या जागी डीएनएचं एक अक्षर आईकडून आणि एक वडिलांकडून येतं, दोन्ही प्रती "ए" असलेल्यांपैकी दहा वर्षांनंतर ट्रान्सप्लांटशिवाय जिवंत असलेले जेमतेम निम्मे, आणि दोन्ही "जी" असलेल्यांपैकी सत्तर टक्क्यांच्या वर. फरक लहान नाही. आणि लक्षात घ्या, हे ठिकाण आजार होण्याच्या यादीत नव्हतंच. म्हणजे आग लावणारा वेगळा आणि वारा घालणारा वेगळा. हा जीन पित्तनलिकेच्या पेशींमध्ये आणि लिव्हरमध्ये व्रणाचा चिवट धागा विणणाऱ्या ज्या स्टेलेट पेशी असतात त्यांच्यात चालू असलेला दिसतो, त्यामुळे निबर होण्याशी संबंध असेल असा अंदाज बांधायला जागा आहे.

माझं काय? एक ए, एक जी. रिपोर्टात ह्याला "मध्यम वेग" असं लिहून पिवळा रंग दिलाय. बाई म्हणाल्या ह्या "मध्यम"वर तुमच्या आयुष्यातला एकही निर्णय घेऊ नका, हा हजारो लोकांच्या सरासरीतला फरक आहे, एका माणसाचं भविष्य त्यातून निघत नाही, आणि निघालं असतं तरी तुमची औषधं, तपासण्या, काहीही बदललं नसतं. मग त्यांनी जुळ्या बहिणींचं उदाहरण दिलं. पीबीसी हा पित्तनलिकांचाच दुसरा जुनाट आजार, लहान नळ्यांचा, जास्त करून बायकांना होणारा, त्यात एकसारख्या जुळ्यांच्या आठ जोड्या तपासल्या होत्या, 2004 मध्ये. पाच जोड्यांत दोघींनाही आजार, त्यातल्या चार जोड्यांत तो सुरू होण्याचं वयही जवळपास सारखं. पण पुढची वाट? ती वेगवेगळी, एकीचा जास्त बळावलेला, दुसरीचा कमी. सगळ्या जीन्स शब्दशः सारख्या असून! मी खरंतर ह्याच क्षणी मनातल्या मनात त्या मीटरचा काटा काढून टाकला.

मग वेगाचा अंदाज कशावरून घ्यायचा विचारलं तर उत्तर जुनंच, एएलपी, बिलिरुबिन, फायब्रोस्कॅनमधला लिव्हरचा कडकपणा, एमआरसीपीत मोठी नळी कुठे आवळतेय का, निदानाच्या वेळचं वय. फक्त लहान नळ्यांचा पीएससी असेल तर वाट सहसा बरीच सौम्य. जीन जन्मभर तोच राहतो, एएलपी दर तीन महिन्यांनी काहीतरी नवीन सांगते, असं त्यांनी म्हटलं आणि ते मला पटलं.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल की टेस्ट फुकट गेली. मलाही वाटत होतं. सेशनची वीस मिनिटं राहिली होती आणि बाई पान एकोणीसवर आल्या, "इतर निष्कर्ष", जे मी वाचलंसुद्धा नव्हतं कारण तिथे मीटर नव्हता ना रंग. तिथे एफयूटी3 नावाच्या जीनसमोर लिहिलेलं, दोन्ही प्रती निष्क्रिय. त्यांनी विचारलं तुमचा सीए 19-9 किती येतो?

सीए 19-9 म्हणजे पित्तनलिकेच्या कॅन्सरवर नजर ठेवायला करतात ती रक्ताची टेस्ट. पीएससीत आयुष्यभरात साधारण दहा-पंधरा टक्के लोकांना हा कॅन्सर गाठतो, त्यामुळे आम्ही त्या आकड्याकडे दहावीच्या निकालासारखं बघतो. नॉर्मल 37 पर्यंत. माझा कायम 2 च्या खाली. सहा वर्षं मी तो आकडा अभिमानाने मिरवलाय हो, घरी सगळ्यांना सांगायचो बघा 2 पण नाही. तर झालं असं की सीए 19-9 हा जो साखरेचा रेणू आहे तो बनवायला एफयूटी3 लागतो. तो दोन्ही प्रतींत बंद असेल तर शरीर ते बनवतच नाही किंवा नावापुरतं बनवतं. अशी माणसं साधारण पाच ते दहा टक्के असतात, लुईस निगेटिव्ह म्हणतात त्यांना. म्हणजे मला उद्या कॅन्सर झाला असता तरी माझा आकडा बहुधा 2 च्या खालीच राहिला असता. सहा वर्षं मी बंद पडलेल्या घड्याळात वेळ बघत होतो.

उलटही होतं. एफयूटी3 चालू आणि त्याचा भाऊबंद एफयूटी2 बंद असेल तर सीए 19-9 मुळातच जास्त येतो, अशी माणसं विनाकारण घाबरून स्कॅनमागून स्कॅन करत बसतात. शिवाय नळी तुंबली किंवा इन्फेक्शन झालं तरीही आकडा चढतो, कॅन्सर नसताना. एफयूटी2 तर पीएससी होण्याच्या यादीतही आहे, आणि आतड्यातल्या आणि पित्तातल्या जंतूंवर त्याचा परिणाम दिसतो, पण त्यात शिरलो तर हा रिव्ह्यू संपायचा नाही.

हे सगळं घेऊन माझ्या लिव्हरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पान एकोणीस दोनदा वाचलं, खात्रीसाठी लुईस रक्तगट करून घेतला (तो साध्या रक्तावर होतो, जीन टेस्ट लागतच नाही, हे वाचणाऱ्यांनी लिहून ठेवा), निगेटिव्हच आला, आणि फाइलवर लाल पेनाने लिहिलं, सीए 19-9 वर विसंबू नये. आता माझी नजर एमआरआय-एमआरसीपीवर, ठरलेल्या वेळी, चुकवायची नाही. माझ्या उपचारात ह्या सगळ्या पॅकेजमुळे झालेला खरा बदल हा एवढाच, पण एवढ्यासाठी मी पुन्हा पैसे भरले असते. आणि ह्याचा जाहिरातीत एक शब्द नाही! ज्याचा ढोल वाजवला ते पोकळ, जे कामाचं ते पान एकोणीसवर बिनरंगाचं.

एबीसीबी4 बद्दलही लिहितो, कारण काहींना टेस्ट घेण्याचं सगळ्यात सबळ कारण हेच असू शकतं. हा जीन पित्तात फॉस्फोलिपिड सोडतो. पित्तातले क्षार म्हणजे साबणच, फॉस्फोलिपिड त्यांना लगाम घालतं, ते कमी पडलं की तो साबण नळीचंच अस्तर खरवडायला लागतो. अशा माणसाच्या नळ्या कधीकधी पीएससीसारख्या दिसतात. बाईंनी मला विचारलं, चाळिशीच्या आत पित्ताचे खडे झाले होते का, पित्ताशय काढल्यावरही दुखणं परत आलं का, आई किंवा बहिणीला गरोदरपणात खूप खाज होती का. माझं तिन्हीला नाही आणि जीनही ठीक निघाला. पण तुमचं हो असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, कारण एबीसीबी4 बिघडल्याने होणाऱ्या खड्यांच्या त्या प्रकारात अर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिडचा चांगला उपयोग होतो. पीएससीत मात्र त्याच औषधाचा मोठा डोस, किलोमागे 28 ते 30 मिलिग्रॅम, 2009 च्या ट्रायलमध्ये उलट घातक ठरला. म्हणजे इथे आजाराचं नाव बरोबर लागणं महत्त्वाचं.

भावाचा प्रश्न राहिला होता, मलाही होईल का, मीही टेस्ट करू का. त्यालाही शेवटची पाच मिनिटं कॅमेऱ्यासमोर बसवला. भावंडांना धोका सर्वसाधारण माणसापेक्षा बराच जास्त, पण तरीही पीएससीवाल्यांच्या भावंडांत तो दीड टक्क्याच्या आसपासच सापडलाय. बाई म्हणाल्या जीन टेस्ट नको, वेळोवेळी एलएफटी, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासण्या, करा, त्यात एएलपी बघा, आणि जुलाबातून रक्त किंवा महिनाभर न थांबणारे जुलाब झाले तर लपवू नका. भावाने पुढच्याच आठवड्यात एलएफटी केली, नॉर्मल, तेव्हापासून मला म्हणतो बघ फुकटात सुटलो.

स्टार असे. किट आणि कस्टमर केअरला 1. रिपोर्टला 2, त्यातला एक पान एकोणीसचा. काउन्सेलिंगला 5, आणि ते ऑप्शनल ठेवलंय ह्याबद्दल कंपनीचा अर्धा स्टार कापावासा वाटतो, पण त्या बाईंच्या वाट्याचा कापवत नाही. ज्यांना फक्त "माझं किती वेगाने जाणार" एवढंच जाणायचंय त्यांनी घेऊ नका. सीए 19-9 कायम शून्याच्या आसपास येतोय म्हणून खूश असाल तर आधी लुईस रक्तगट करा.

त्या आधीच टिक मारलेल्या चौकटीबद्दल, माझा डेटा आणि उरलेलं सॅम्पल नष्ट करा असा मेल टाकून तीन आठवडे झाले. "तुमची विनंती मिळाली" एवढंच आलंय. पुढे काही झालं तर इथेच खाली लिहितो.